झील धरणाऱ्या तिघी: आय-थ्रीजची कारकीर्द

जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याचे ‘कुड यू बी लव्हड’ हे १९८० सालचे गाणे बहुतेकांनी नाचता नाचता ऐकलेले असते, त्यामुळे त्याच्या मध्यावर काय घडते याकडे सहसा लक्ष जात नाही. तिथे मार्ली थांबतो आणि तीन स्त्रियांचे आवाज एकत्र पुढे येतात. आयुष्याची वाट खडकाळ आहे, ठेच कधीतरी तुलाही लागेल, आणि तू दुसऱ्याकडे बोट दाखवत असताना कोणीतरी तुझाही निवाडा करत असते, अशा अर्थाच्या ओळी त्या गातात. या ओळी मार्लीच्याच आहेत, पण १९६२ मधल्या, त्याच्या अगदी पहिल्या रेकॉर्डवरच्या ‘जज नॉट’ या गाण्यातल्या. अठरा वर्षांनी त्या पुन्हा वापरताना त्याने त्या स्वतः म्हटल्या नाहीत, या तिघींच्या तोंडी घातल्या. गीतकार ज्यांच्यावर आपले कोवळ्या वयातले शब्द सोपवतो, त्या गायिकांना ‘मागचा कोरस’ म्हणून निकालात काढणे मला पटत नाही.

रिटा मार्ली, ज्यूडी मोवॅट आणि मार्शिया ग्रिफिथ्स या त्या तिघी. त्यांच्या चमूचे नाव आय-थ्रीज; रास्ताफारी लोक, म्हणजे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याला देव मानणाऱ्या जमैकातल्या पंथाचे लोक, स्वतःविषयी बोलताना ‘आय अँड आय’ म्हणतात, त्यातून ते आले. मार्लीचा चेहरा छापलेले टी-शर्ट गोव्याच्या किनाऱ्यावरच्या दुकानांतही टांगलेले दिसतात. या तिघींची नावे मात्र रेगे मनापासून ऐकणाऱ्यांनाही एका दमात सांगता येतातच असे नाही. शाहिराच्या मागे झील धरणाऱ्यांच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्या वाट्याला आले: पोवाडा त्यांच्यावाचून उभा राहत नाही आणि नाव शाहिराचे राहते. फरक एवढाच की या तिघीही मुळात आघाडीच्या गायिका होत्या. त्या मार्लीकडे आल्या तेव्हा प्रत्येकीच्या मागे काही वर्षांचे गाणे होते, आणि एकीचे नाव तर इंग्लंडमध्ये तोवर मार्लीपेक्षाही जास्त लोकांना माहीत होते.

ही एक म्हणजे मार्शिया ग्रिफिथ्स. तिचा जन्म १९४९ मध्ये जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा. १९६४ मध्ये, चौदा वर्षांची असताना, बायरन ली आणि ड्रॅगनेअर्स या तेव्हाच्या बड्या वाद्यवृंदाबरोबर ती किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरमध्ये गायली आणि लवकरच कॉक्सन डॉड या निर्मात्याच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये पोचली. ब्रेंटफर्ड रोडवरच्या त्या स्टुडिओत जमैकाच्या संगीताची एक अख्खी पिढी घडली. तिथे तिने १९६८ मध्ये ‘फील लाइक जंपिंग’ ध्वनिमुद्रित केले. आवाजातली उसळी आणि लयीवरची पकड ऐकावी तर या गाण्यात. रॉकस्टेडी या रेगेच्या आधीच्या जमैकी शैलीकडून रेगेकडे जाणारा तो काळ त्यात स्वच्छ ऐकू येतो. त्यानंतर बॉब अँडी या गायक-गीतकाराबरोबर तिची जोडी जमली. अमेरिकन गायिका नीना सिमोनचे ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ हे गाणे या दोघांनी रेगेच्या लयीत म्हटले आणि १९७० मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. बॉब मार्ली आणि त्याचा चमू वेलर्स यांचे नाव त्या यादीत यायला अजून पाच वर्षे होती.

रिटाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिचा जन्म १९४६ मध्ये क्युबातल्या सांतियागोचा, पण ती वाढली किंग्स्टनच्या ट्रेंच टाउनमध्ये, आत्याच्या घरी. नात्यातला भाऊ कॉन्स्टंटाइन वॉकर आणि मैत्रीण मार्लीन गिफर्ड यांना घेऊन तिने ‘सूलेट्स’ हा चमू काढला. या चमूलाही ‘स्टुडिओ वन’नेच संधी दिली आणि त्याची तालीम घेण्याचे काम तिथल्या एका तरुण गायकाकडे आले. हा गायक म्हणजे बॉब मार्ली. १० फेब्रुवारी १९६६ रोजी दोघांचे लग्न झाले आणि लगेचच तो पैसे कमावण्यासाठी अमेरिकेत, डेलावेअरला, निघून गेला. तो तिकडे असतानाच, २१ एप्रिल १९६६ रोजी, इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी जमैकात आला. रस्त्याच्या कडेला गर्दीत उभ्या असलेल्या रिटाला सम्राटाच्या हाताच्या तळव्यावर क्रुसावरच्या येशूसारखी खिळ्याची खूण दिसली, असे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. तिला ती खरोखर दिसली की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून ती रास्ताफारी झाली, आणि मार्लीच्या घरात रास्ताफारी विचार तिच्या वाटेनेही आला, ही गोष्ट मार्लीची चरित्रगाथा सांगणारे पुष्कळदा घाईघाईने ओलांडून जातात.

ज्यूडी मोवॅट तिघींत धाकटी, १९५२ ची. ती आधी नर्तकी होती. एका नृत्यपथकाबरोबर कॅरिबियन बेटांवर दौरे करत होती. १९६७ च्या सुमारास दोन मैत्रिणींबरोबर तिने ‘गेलेट्स’ हा चमू केला. तीन-चार वर्षांत तो फुटला, मैत्रिणी परदेशी गेल्या आणि ज्यूडी एकटी गात राहिली.

चमू फुटणे आणि गायिकेने देश सोडणे ही त्या काळातली नवलाची गोष्ट नव्हती. जमैकाचा ध्वनिमुद्रणाचा धंदा जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांच्या हाती होता. स्टुडिओ, रेकॉर्डचे कारखाने, रस्त्यावर गाणी वाजवणाऱ्या साउंड सिस्टीम, सगळेच त्यांचे होते आणि कलावंतांना पैसे देताना हात आखडता घेण्याची पद्धत होती. फिलिस डिलनसारखी अप्रतिम गळ्याची गायिका १९६७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेली आणि तिने तिथे बँकेत नोकरी धरली. गाण्यासाठी ती अधूनमधून किंग्स्टनला येई. मिली स्मॉलचे ‘माय बॉय लॉलीपॉप’ १९६४ मध्ये जगभर वाजले, पण ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले होते आणि त्या यशाने किंग्स्टनमधल्या इतर मुलींसाठी दारे उघडली नाहीत. या पार्श्वभूमीवर तीन कसलेल्या गायिकांनी एकत्र येणे ही मला केवळ मार्लीची गरज वाटत नाही. त्यात त्यांची स्वतःचीही सोय होती, सोबत होती, आणि एकटीने जे सोसावे लागते ते तिघींत वाटून घेण्याची शक्यता होती.

त्या एकत्र आल्या त्याही मार्लीमुळे नव्हे, मार्शियामुळे. १९७४ मध्ये न्यू किंग्स्टनमधल्या ‘हाउस ऑफ चेन’ या ठिकाणी मार्शियाचा कार्यक्रम होता आणि तिने रिटाला व ज्यूडीला साथीला बोलावले. तिघींचे सूर असे जुळले की ऐकणाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. नेमक्या याच सुमारास मार्लीचा मूळ चमू मोडला होता. पीटर टॉश आणि बनी वेलर बाहेर पडले होते आणि त्यांच्याबरोबर वेलर्सची जुनी ओळखही गेली होती. तीन पुरुषांनी मिळून गायची ती पद्धत अमेरिकन सोल चमूंचे ऐकून बसवलेली होती आणि तिच्यात बनीचा वरच्या पट्टीतला कोवळा आवाज फार मोलाचा होता. ती जागा भरायला मार्लीने दुसरे दोन पुरुष शोधले नाहीत. ‘नॅटी ड्रेड’ या १९७४ च्या अल्बमसाठी त्याने या तिघींना बोलावले आणि त्याच्या संगीताचा पोतच बदलला.

हा बदल कानाने तपासता येतो. जुन्या वेलर्समध्ये तिघे एकाच रांगेत उभे असल्यासारखे ऐकू येतात. कधी एक पुढे होतो, कधी दुसरा. ‘नॅटी ड्रेड’पासून पुढे मार्लीचा आवाज मध्यभागी एकटा आहे आणि तिघींचे आवाज त्याच्याशी बोलतात. कधी त्या त्याचे शब्द उचलून पक्के करतात, कधी प्रश्नाला उत्तर देतात, कधी नुसता हुंकार भरतात. ‘रिबेल म्युझिक’मध्ये पहाटे तीन वाजता पोलिसांनी अडवलेल्या रस्त्याचे वर्णन आहे, तिथे त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे शब्द त्या अडथळ्यासारखेच वाट अडवून उभे राहतात. ‘वॉर’ हे १९७६ चे गाणे हेले सेलासीच्या १९६३ मधल्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या भाषणावर रचलेले आहे. भाषणाचे गद्य गाण्यात बसवणे अवघडच, आणि मार्ली ते जवळजवळ पठण केल्यासारखेच म्हणतो. त्या गद्याला गाणे बनवतात त्या या तिघी. वाक्याच्या शेवटी ‘युद्ध’ हा एकच शब्द त्या अशा ठेवतात की पुढच्या वाक्याला टेकायला जागा मिळते. ‘एक्झोडस’चे शीर्षगीत साडेसात मिनिटांहून लांब असून त्याची स्वररचना अगदी तुटपुंजी आहे. अॅस्टन बॅरेटचा बेस आणि कार्लटन बॅरेटचे ड्रम त्याला चालते ठेवतात हे खरे, पण चालणाऱ्यांचा जथा डोळ्यांपुढे उभा राहतो तो आय-थ्रीजच्या पुकाऱ्यामुळे.

उलट पडताळा हवा असेल तर ‘रिडेम्शन साँग’ ऐकावे. तिथे मार्ली आणि त्याची गिटार याखेरीज काहीच नाही. ते गाणे इतके एकाकी वाटते याचे एक कारण, माझ्या मते, हेही आहे की आधीच्या सहा वर्षांत कानाला त्याच्या वाक्यानंतर तिघींच्या उत्तराची सवय लागलेली असते आणि या वेळी ते उत्तर येत नाही.

रंगमंचावरची गोष्ट आणखी निराळी. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये जून १९७७ मध्ये झालेल्या कार्यक्रमांचे चित्रीकरण उपलब्ध आहे. मार्ली डोळे मिटून, केस उडवत, मनाला येईल तसा रंगमंचभर फिरतो. आय-थ्रीज मात्र आपल्या जागी, डोकी रास्ताफारी रीतीप्रमाणे वस्त्रांनी झाकलेली, हातांच्या आणि पावलांच्या ठरलेल्या हालचाली करत उभ्या आहेत. त्या हालचाली मोजक्या आहेत: खांदा किंचित झुकतो, हात कोपरातून वळतो, पाऊल तालाच्या जरासे मागून पडते. नर्तकी असलेल्या ज्यूडीची शिस्त त्यात दिसते. एका बाजूला एवढा बेभान माणूस असताना दुसऱ्या बाजूला हे स्थैर्य नसते, तर तो कार्यक्रम विस्कटलेला वाटला असता.

याच्या सहा महिने आधी जे घडले ते सर्वश्रुत आहे, पण रिटाच्या बाजूने ते क्वचितच सांगितले जाते. डिसेंबर १९७६ मध्ये जमैकात निवडणुका तोंडावर होत्या आणि दोन्ही पक्षांच्या सशस्त्र टोळ्यांनी किंग्स्टन वेठीला धरले होते. मार्लीने ५ डिसेंबरला ‘स्माइल जमैका’ हा विनामूल्य कार्यक्रम जाहीर केला होता. ३ डिसेंबरच्या रात्री ५६, होप रोड या त्याच्या घरात तालीम चालू असताना बंदूकधारी घुसले. मार्लीच्या छातीला व दंडाला गोळी चाटून गेली, त्याचा व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाला, आणि गाडीत बसलेल्या रिटाच्या डोक्यात गोळी शिरली. ती कवटी आणि कातडी यांच्यामध्ये अडकली म्हणून ती वाचली. दोन दिवसांनी मार्ली हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहिला, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण रिटाही त्याच रंगमंचावर होती, इस्पितळातल्या कपड्यांत, डोक्याची पट्टी झाकून, आणि ती आपले सूर लावत होती. शौर्याच्या यादीत तिचे नाव दुसरे का येते, हे मला कधी उमगलेले नाही.

रिटाची जागा इतर दोघींपेक्षा अवघड होती, हेही सांगायला हवे. मार्लीचे इतर स्त्रियांशी संबंध होते, त्यांच्यापासून त्याला मुलेही झाली, आणि हे सारे उघड होते. त्याच्या प्रेमगीतांमागे त्याच्या बायकोने झील धरायची, तीही रात्रीमागून रात्री आणि शहरामागून शहरात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने याविषयी पुष्कळ मोकळेपणाने लिहिले आहे.

१९७८ ते १९८० हा काळ धावपळीचा होता. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियममध्ये ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’ झाला, तिथे मार्लीने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेता एडवर्ड सीगा या कट्टर विरोधकांचे हात एकमेकांत गुंफले. पुढच्या वर्षी जपान, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. १९८० च्या आरंभी गॅबन. १७ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात, रुफारो स्टेडियममध्ये, बाहेरची गर्दी आत लोटली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. चमूतले बहुतेक जण रंगमंचावरून पळाले, आय-थ्रीजही पळाल्या. मार्ली तेवढा गात राहिला. नंतर भेट झाल्यावर, खरे क्रांतिकारक कोण ते आज कळले, असे तो त्यांना हसत म्हणाला, ही आठवण त्यांच्याच गोटातून आलेली आहे. स्वतःची फजिती अशी सांगणाऱ्या माणसांबद्दल मला आपुलकी वाटते.

या दौऱ्यांच्या मधल्या फटींत तिघींनी स्वतःचे काय केले, हा खरे तर या लेखाचा गाभा आहे. मार्शियाने सोनिया पॉटिंजरबरोबर काम केले. जमैकाच्या त्या धंद्यात मोठी निर्माती म्हणून नाव कमावलेली पॉटिंजर ही जवळजवळ एकटीच स्त्री होती. ‘नॅचरली’ आणि ‘स्टेपिन’ हे दोन अल्बम त्यातून आले. ‘स्टेपिन’मधले ‘स्टेपिंग आउट ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे मार्लीच्या उत्तम गाण्यांच्या पंक्तीला बसेल असे आहे, आणि त्यात मार्शियाच्या आवाजात झील धरणारीचा संयम औषधालाही सापडत नाही.

ज्यूडीने त्याहून मोठी उडी घेतली. ‘ब्लॅक वुमन’ हा १९७९-८० चा अल्बम तिने मार्लीच्या टफ गाँग या कंपनीच्या स्टुडिओत स्वतः निर्माती होऊन केला. एका स्त्रीने स्वतःची गाणी, स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या लेबलवर काढणे हे किंग्स्टनमध्ये अपूर्वाईचे होते. शीर्षगीतात ती गुलामांच्या बाजारात उभ्या केलेल्या, विकल्या गेलेल्या, तरीही मुले वाढवणाऱ्या काळ्या स्त्रीशी थेट बोलते. तिचा स्वर तिथे ना उपदेशाचा आहे, ना रडगाण्याचा. बहिणीने बहिणीला धीर द्यावा तसा तो आहे. याच अल्बमात ‘जोसेफ’ हे मार्लीवरचे गाणे आहे. ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्राएल’ या रास्ताफारी संघटनेत जन्ममहिन्यावरून नाव मिळते आणि फेब्रुवारीत जन्मलेला मार्ली त्या हिशेबाने जोसेफ. तो हयात असतानाच केलेले हे गाणे पुढे श्रद्धांजलीसारखे ऐकले जाऊ लागले. अनेक समीक्षक ‘ब्लॅक वुमन’ला गायिकेने केलेला सर्वोत्तम रेगे अल्बम मानतात, ‘गायिकेने’ ही अट काढली तरी तो पहिल्या काहींत बसेल, असे माझे मत.

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना मार्ली कोसळला. दोनच दिवसांनी पिट्सबर्गला शेवटचा कार्यक्रम झाला आणि दौरा थांबला. ११ मे १९८१ रोजी तो मायामीत गेला. किंग्स्टनला सरकारी इतमामाने झालेल्या अंत्यविधीत आय-थ्रीज गायल्या. त्याने मृत्युपत्र केले नव्हते, त्यामुळे मालमत्तेचे तंटे कोर्टात वर्षानुवर्षे चालले आणि त्यात रिटा होरपळून निघाली. तरी त्याच वर्षी तिचा ‘हू फील्स इट नोज इट’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘वन ड्रॉ’ या गांजावरच्या खट्याळ गाण्यात मध्येच शाळेच्या वर्गातला संवाद येतो. विधवेने कसे गावे याविषयी ज्यांची काही कल्पना असेल, त्यांना तो मोठाच धक्का असणार.

चमू म्हणून मात्र आय-थ्रीजला पुढे सूर सापडला नाही, हे आवडत नसले तरी मान्य करावे लागते. १९८६ मध्ये त्यांचा ‘बिगिनिंग’ हा अल्बम निघाला. त्यात आवाज तेच आहेत आणि जुळणीही तशीच घट्ट आहे, पण भोवतीचे संगीत त्या दशकाच्या सिंथेसायझरांनी गुळगुळीत केलेले आहे. त्याहून मोठी अडचण अशी की या तिघींचे एकत्र गाणे कोणाच्या तरी वाक्याला उत्तर म्हणून घडले होते. ते वाक्यच नसताना तीन उत्तम उत्तरे नुसतीच शेजारी शेजारी उभी राहतात. त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नाही, कारण झील हा स्वतंत्र कसब असलेला प्रकार आहे आणि तो ज्यांना साधला त्यांना त्याच चमूत पुढारीपणही साधावे, ही अपेक्षा आपण बाकी कोणाकडून करत नाही.

एकेकट्या त्या पुढेही चालत राहिल्या. ज्यूडीच्या १९८५ च्या ‘वर्किंग वंडर्स’ला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, रेगेच्या विभागात ते मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे नव्वदच्या दशकात तिने रास्ताफारी पंथ सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ती गॉस्पेल गाऊ लागली. रिटाने होप रोडच्या त्याच घराचे १९८६ मध्ये संग्रहालय केले आणि नंतर घानातल्या डोंगराळ भागात बस्तान हलवले.

मार्शियाच्या वाट्याला सर्वांत मजेदार यश आले. बनी वेलरने, म्हणजे ज्याच्या जाण्याने आय-थ्रीजला जागा झाली त्याच माणसाने, तिच्यासाठी ‘इलेक्ट्रिक बूगी’ लिहिले. त्याची १९८९ मधली आवृत्ती अमेरिकेच्या यादीत ५१ व्या क्रमांकापर्यंत गेली. आकडा काही फार मोठा नाही, पण त्या गाण्यावरचा रांगेतला नाच अमेरिकेतल्या लग्नांत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांच्या लग्नांत, कायमचा मुक्कामाला आला. ‘ब्लॅक वुमन’पासून सुरुवात करावी, मग ‘स्टेपिन’, असे मी नव्या श्रोत्याला सांगेन. ‘इलेक्ट्रिक बूगी’ सांगायची गरज नाही, अमेरिकेत कोणाच्या लग्नाला गेलात तर ते आपोआप कानावर पडेल आणि शेजारचे लोक तुम्हाला ओढून रांगेत उभे करतील.